रेडिओवर पीएच.डी. करायची आहे: विषय तंत्राचा घेऊ की प्रसारणाचा?

सुई_फिरवणारी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रॉनिक्सचं पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय आणि पीएच.डी.ला रेडिओच घ्यायचा, एवढं मनाशी पक्कं आहे. लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून मी रात्री मध्यमलहरींची (मीडियम वेव्हची) सुई फिरवायचे. दिवसा जिथे नुसती खरखर असायची, तिथे अंधार पडला की अनोळखी भाषांमधली केंद्रं लागायची. असं का होतं ते पुढे पुस्तकात वाचलं, पण ओढ काही सुटली नाही.

अडचण अशी आहे. आमचे सर म्हणतात, रेडिओ घ्यायचाच तर मोबाइलकडचं काहीतरी घे, ध्वनिप्रसारणात आता संशोधनासारखं काही उरलेलं नाही. जनसंज्ञापन विभागातल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की प्रसारण म्हणजे श्रोते, आणि श्रोत्यांचा अभ्यास करायचं शिक्षण तुझ्याकडे नाही. मला दोन्हीकडचं थोडं थोडं हवं आहे आणि दोन्ही दारं बंद दिसतायत.

सिनॉप्सिसला दोन महिने आहेत. हाताशी एक आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), एक लॅपटॉप आणि गच्चीवर अँटेना लावायची परवानगी एवढंच आहे. यातून धड विषय उभा राहील का?

---

ओएफडीएम

डिजिटलकडे जा. नॉर्वेनं २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम प्रसारण बंद करून डीएबी या डिजिटल पद्धतीवर नेलं. ३० मेगाहर्ट्झच्या खाली डीआरएम ही डिजिटल पद्धत आहे, तेही जुन्याच ९ किंवा १० किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये बसतं. कोडिंग, सिंक्रोनायझेशन, फेडिंगमध्ये (संकेत चढत-पडत असताना) रिसीव्हर कसा टिकतो, यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. एएमच्या, म्हणजे मध्यमलहरींवरच्या जुन्या प्रसारणाच्या, खरखरीवर तीन-चार वर्षं घालवू नका. कुठली समिती त्याकडे बघणार?

---

डी_थर

तुमच्या सरांचं, बाईंचं आणि वरच्या उत्तराचंही मला पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझा स्वतःचा प्रबंध मध्यमलहरींच्या रात्रीच्या क्षेत्रतीव्रतेवर (संकेत किती जोराचा पोचतो यावर) होता. तेव्हा मलाही हेच सगळं ऐकवलं गेलं होतं.

तंत्र वेगळं आणि प्रसारण वेगळं ही वाटणी विद्यापीठाच्या विभागांनी केलेली आहे, विषयात ती कुठे दिसत नाही. केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्येच सुचवलं होतं की वातावरणात वर लहरी परतवणारा एखादा विद्युतवाहक थर असावा. तो खरंच आहे हे दाखवलं कोणी आणि कशानं? ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ॲपल्टन केंब्रिजमध्ये बसून बीबीसीच्या लंडन केंद्राचा संकेत मोजत होते. दिवसा तो स्थिर असे, रात्री वरखाली होई. त्यांना वाटलं, जमिनीलगत येणारी लहर आणि वरून परतलेली लहर एकमेकींत मिसळत असणार. मग ११ डिसेंबर १९२४च्या रात्री, कार्यक्रम संपल्यावर, बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राची तरंगलांबी सावकाश बदलत नेली आणि ॲपल्टन व त्यांचे सहकारी बार्नेट यांनी ऑक्सफर्डला संकेताचे चढउतार मोजले. दोन वाटांच्या लांबीतला फरक तरंगलांबीच्या पूर्ण पटीत आला की संकेत चढतो, त्यात अर्धी तरंगलांबी उरली की पडतो. तरंगलांबी किती बदलली आणि तेवढ्यात चढउतार किती झाले, एवढं कळलं की वाटांमधला फरक निघतो आणि त्यावरून थराची उंची. ती आली सुमारे ९० ते १०० किलोमीटर. ॲपल्टन यांना १९४७ चं नोबेल मिळालं. प्रयोगाचं मुख्य उपकरण होतं लोकांना गाणी ऐकवणारा ट्रान्समीटर!

दुसरा प्रसंग मला याहूनही आवडतो. १९३३ मध्ये टेलेगेन (पेंटोड व्हॉल्व्ह शोधणारे तेच) हॉलंडमध्ये आइंडहोवनला स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकत होते. त्याच्या मागे त्यांना लक्झेंबर्ग केंद्राचा कार्यक्रम ऐकू यायला लागला. दोघांच्या फ्रिक्वेन्सीत प्रचंड अंतर, एक मध्यमलहरींवर तर दुसरं दीर्घलहरींवर. 'रिसीव्हर बिघडलाय' म्हणून कोणीही सोडून दिलं असतं. त्यांनी ते नोंदवून प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी बेली आणि मार्टिन यांनी कारण मांडलं: लक्झेंबर्गच्या जबरदस्त शक्तीच्या लहरीमुळे आयनांबरातले (वातावरणातल्या त्या विद्युतवाहक थरांमधले) इलेक्ट्रॉन तापतात आणि त्यांच्या टकरींचं प्रमाण आवाजाच्या चढउताराबरोबर बदलत राहतं. त्यामुळे तिथून जाणाऱ्या दुसऱ्या लहरीचं शोषणही त्याच तालावर कमीजास्त होतं, म्हणजे एका केंद्राचा आवाज दुसऱ्याच्या लहरीवर उमटतो. आयनांबरात बाहेरून ऊर्जा ओतून त्याचे गुण बदलता येतात हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते एका रेडिओ श्रोत्याच्या कानामुळे.

अमेरिकन अभियंता जान्स्की, त्याचंही तेच. २०.५ मेगाहर्ट्झवर अटलांटिकपलीकडच्या रेडिओ टेलिफोनला त्रास देणारी खरखर कुठून येते एवढंच त्याला शोधायचं होतं. तिचा उगवण्याचा काळ २४ तासांचा नसून २३ तास ५६ मिनिटांचा, ताऱ्यांइतकाच आहे हे लक्षात आलं, म्हणजे ती सूर्याची नाही, ताऱ्यांकडची आहे. रेडिओ खगोलशास्त्र तिथून सुरू झालं.

म्हणून सांगतो, सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य 'अमुक ठिकाणी अमुक ऐकू येत नाही, किंवा भलतंच ऐकू येतं' असं लिहा. कारण कुठल्या विभागाच्या खोलीत सापडेल ते नंतर बघता येईल.

तुमच्यासाठी माझ्या डोक्यात एक विषय आहे: मानवनिर्मित रेडिओ गोंगाट. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) पी.३७२ ही शिफारस उघडून बघा, फुकट उतरवता येते. शहर, निवासी भाग, ग्रामीण भाग अशा वर्गांसाठी कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती गोंगाट धरायचा, त्याचे वक्र तिच्यात आहेत. त्यांच्यामागची मूळ मोजणी १९७०च्या दशकातली आणि त्याआधीची. तेव्हा गोंगाट मुख्यतः गाड्यांच्या स्पार्क प्लगचा आणि वीजवाहिन्यांचा. आज घराघरात एलईडी दिवे आणि स्विच-मोड चार्जर आहेत, गच्च्यांवर सोलर इन्व्हर्टर आहेत. गोंगाटाचा पोतच बदललेला आहे. मध्यमलहरींचा ट्रान्समीटर किती लांब ऐकू जाईल हे ठरवताना त्या आकड्यांवर विसंबून चालेल का, हा प्रश्न तंत्राचाही आहे आणि प्रसारणाचाही.

ओएफडीएम, डिजिटल केल्यानं हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. एएममध्ये गोंगाट वाढला तर श्रोता खरखरीतूनही बातम्या ऐकतो. डीआरएममध्ये एका पातळीपर्यंत आवाज स्वच्छ असतो आणि तिच्याखाली तुटतो, थेट शांतता. ती पातळी प्रत्यक्ष घरांमध्ये गाठली जाते का, हे गोंगाट मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

आता मोजणीबद्दल. इथे माझे सहा आठवडे वाया गेले होते, तुमचे जाऊ नयेत. माझ्या नोंदींमध्ये संपूर्ण पट्टाभर साधारण ६५ किलोहर्ट्झच्या अंतरानं सुळके उभे राहिलेले दिसायचे. मी त्यांना परिसरातला गोंगाट समजून तक्ते भरत होतो. एके दिवशी वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला आणि सुळके नाहीसे झाले. वाटलं, शेजारच्या घरांतलं काहीतरी बंद पडलं असेल. वीज आल्यावर मुद्दाम चार्जर न लावता बघितलं, तरी सुळके नव्हते. माझ्याच चार्जरचा गोंगाट यूएसबी केबलच्या वाटेनं अँटेनात शिरत होता. सहा आठवड्यांची ती सगळी नोंद मला टाकून द्यावी लागली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर, केबलवर फेराइट (गोंगाट अडवणारं चुंबकीय कडं), आणि रोज मोजणीच्या सुरुवातीला अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा लोड (नुसता रोध) लावून एक नोंद, म्हणजे यंत्राचा स्वतःचा गोंगाट कळतो. ही नोंद कधीही चुकवू नका.

---

कान_आणि_कल

मी श्रोता-संशोधनाच्या बाजूची. 'शिक्षण नाही' हे कारण देऊन बाईंनी तुम्हाला परत पाठवायला नको होतं. आमच्या बाजूची पायाभरणीही मिश्र माणसांनीच केली आहे. १९३७ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर प्रिन्स्टनला रेडिओ संशोधन प्रकल्प सुरू झाला, त्याचे प्रमुख पॉल लाझर्सफेल्ड मुळात गणिताचे पीएच.डी. होते. त्यांनी फ्रँक स्टँटन यांच्याबरोबर एक यंत्र केलं: श्रोत्याच्या एका हातात हिरवं बटण, दुसऱ्यात लाल. आवडलं की हिरवं दाबायचं, नावडलं की लाल. कार्यक्रम चालू असतानाच कागदाच्या सरकत्या पट्टीवर क्षणाक्षणाची नोंद होत जाते. हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचंच काम नाही का?

पण एक गोष्ट आधीच शिकून घ्या, ती म्हणजे माणसं कशी निवडायची. मंगळावरून हल्ला झाल्याचं ते प्रसिद्ध नभोनाट्य अमेरिकेत ३० ऑक्टोबर १९३८ ला प्रसारित झालं आणि ते खरं समजून लोक घाबरले. त्यावर हॅडली कँट्रिल यांनी १९४० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तपशिलात मुलाखती घेतल्या १३५ जणांच्या, आणि त्यातले शंभरावर लोक घाबरले होते हे आधीच माहीत असल्यामुळे निवडलेले! घाबरण्याच्या कारणांचा शोध म्हणून ते योग्यच आहे. पण किती लोक घाबरले, याचं उत्तर त्या मुलाखतींतून निघत नाही. त्याच रात्री सी. ई. हूपर यांच्या कंपनीनं ५,००० घरांना फोन करून विचारलं, तेव्हा जेमतेम २ टक्के जणांनी तो कार्यक्रम ऐकत असल्याचं सांगितलं. लोकांच्या मनात मात्र 'सगळा देश रस्त्यावर आला' हेच राहिलं. तुम्ही गोंगाटाचे बळी असलेल्याच घरी गेलात, तर तुमचंही तसंच होईल.

---

सुई_फिरवणारी

तिघांचेही आभार. डी_थर, तुमचा चार्जरचा अनुभव वाचून लगेच माझी जुनी नोंद उघडली. तिच्यातही तसेच सुळके आहेत, अंतर जरा वेगळं आहे. बरं झालं आत्ताच कळलं.

दोन शंका. माझं डोंगल २४ मेगाहर्ट्झच्या खाली नीट ऐकतच नाही, मग मध्यमलहरी मोजायच्या कशा? आणि त्याच्यावर दिसणारे डेसिबल हे काही खरं माप नाही असं वाचलं. प्रमाणित अँटेना आमच्याकडे नाही.

---

डी_थर

पहिली शंका सोपी आहे. डोंगलच्या ट्यूनरची खालची मर्यादा तेवढीच असते. अपकन्व्हर्टर (फ्रिक्वेन्सी वर सरकवणारं उपकरण) लावा किंवा ट्यूनर टाळून थेट सॅम्पलिंग करणारं डोंगल घ्या. पण त्यातला एडीसी (संकेताचे आकडे करणारा भाग) ८ बिटांचा आहे, एका वेळी साधारण ५० डेसिबलची व्याप्ती मिळते. जवळ शक्तिमान केंद्र असेल तर तो त्याच्यानंच भरून जाईल आणि तुम्ही गोंगाट समजून डोंगलची विकृती मोजाल. पुढे मध्यमलहरींचा फिल्टर हवा आणि स्वयंचलित गेन (संकेत किती वाढवायचा ते आपोआप ठरवणं) बंद हवा. गेन एकदा ठरवला की प्रबंध संपेपर्यंत तोच.

दुसरी शंका खरी अवघड आहे. पडद्यावरचे डेसिबल एडीसीच्या कमाल पातळीशी तुलना करून आलेले असतात, मायक्रोव्होल्ट प्रति मीटरशी, म्हणजे क्षेत्रतीव्रतेच्या खऱ्या मापाशी, त्यांचा थेट संबंध नसतो. प्रमाणित अँटेना कुठल्या तरी प्रयोगशाळेकडून चार दिवस उसनी मिळाली तर तुमच्या लूपची (वेटोळ्याच्या अँटेनाची) तिच्याशी एकदा तुलना करून घ्या. नाहीच मिळाली तर सापेक्ष मोजणी करा. दिवसा डी थर (आयनांबराचा सर्वांत खालचा थर) मध्यमलहरी शोषून घेतो, त्यामुळे जवळच्या केंद्राची फक्त जमिनीलगतची लहर तुमच्यापर्यंत येते आणि ती बऱ्यापैकी स्थिर असते. तो संदर्भ धरा आणि गोंगाट त्याच्या किती डेसिबल खाली आहे ते लिहा. श्रोत्याच्या दृष्टीनं कामाचा आकडाही तोच आहे. साधी तार लावण्यापेक्षा लूप लावा. घरातल्या वायरिंगचा गोंगाट ती कमी उचलते, आणि फिरवली की उगमाची दिशाही सांगते.

वेळ सगळीकडे यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. सूर्यास्ताच्या आसपासची नोंद मिनिटागणिक हवी, कारण डी थर विरत जातो तेव्हाच लांबची केंद्रं वर यायला लागतात आणि गोंगाट कुठे संपला व परकं केंद्र कुठे सुरू झालं, हे नंतर आलेखावरून ओळखता येत नाही. त्या वेळी कान लावून बसावं लागतं. तुम्हाला ती सवय लहानपणापासून आहे.

कान_आणि_कल यांचं बटणांचं यंत्र तुमच्या प्रबंधात अगदी नीट बसेल. नोंदवलेला खरा गोंगाट वेगवेगळ्या पातळ्यांवर एकाच बातमीपत्रात मिसळायचा आणि 'इथे मी रेडिओ बंद करीन' असं वाटलं की ऐकणाऱ्यानं बटण दाबायचं. लोक चार्जरच्या गुणगुणीला आणि विजेच्या कडकडाटाला सारखेच कंटाळतात का, हे मला स्वतःला जाणून घ्यायचं आहे. तुमचे सर आणि बाई दोघांनाही सहमार्गदर्शक म्हणून विचारा. आधी मात्र ते सुळके कशाचे आहेत ते शोधा. आज रात्रीच चार्जर काढून एक तासाची नोंद घ्या आणि दोन्ही आलेख इथे टाका, मी बघतो.