मदत हवी आहे: गावच्या घराला वायरवाले कॅमेरे, थ्री प्लस वन घालू की पीओई?

राजापूर तालुक्यात आमचं घर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू, पुढे खळं, मागे परस. आई-बाबा दोघेच असतात, मी ठाण्यात. गेल्या हंगामात मांगरातून (घरापासून लांब असलेल्या कोठारातून) रात्री आंब्याच्या भरलेल्या पेट्या गेल्या, तेव्हापासून कॅमेरे बसवायचं घरात ठरलंय. बाबांची अट एवढीच, की मला त्यातलं काही बघायला लावू नका.

वायफायचे कॅमेरे बाद. चिऱ्याच्या भिंती दीड फुटी, राउटर माजघरात, खळ्यात आलं की रेंज संपली. म्हणून वायर ओढायचीच. कॅमेरे चार: पुढचं दार, परस, मांगर आणि गेट. पहिले दोन घरालाच आहेत, तिथे प्रश्न नाही. मांगर ६० मीटरवर. गेटपर्यंत गडग्याच्या (दगडी कुंपणभिंतीच्या) कडेने वायर नेली तर ८५ मीटर भरते, टेप लावून मोजलंय.

गावातला इलेक्ट्रिशियन म्हणतो, थ्री प्लस वन केबल (चित्राची आणि पॉवरची वायर एकाच केबलमध्ये), डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डर आणि घरात सगळ्या कॅमेऱ्यांना वीज देणारा एकच १२ व्होल्टचा एसएमपीएस, सगळीकडे असंच चालतं. मला ८५ मीटरचं पटत नाहीये. तांब्याची ०.५ स्क्वेअर एमएमची वायर धरली तरी जाऊन-येऊन १७० मीटरला सहा ओहम होतात. रात्री इन्फ्रारेड लागल्यावर कॅमेऱ्याने ०.४ अँपिअर ओढले, तर १२ पैकी अडीच व्होल्ट वाटेतच गेले. आणि त्या केबलमधली पॉवरची वायर बहुतेक याहून बारीकच असते. शेजारच्या वाडीत नेमकं हेच झालंय: दिवसा चित्र लख्ख, रात्री लपलपतं.

पीओई केलं, म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही नेली, तर ४८ व्होल्टमुळे ही कटकट नाही आणि त्या केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेतही बसतंय. पण दोन गोष्टी अडतात. एक वीज. पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा जोरात होतात. गडगडायला लागलं की बाबा मेन बंद करून सगळे प्लग उपटतात. दुसरी गोष्ट म्हणजे वानर. लोंबती दिसेल ती वायर खेचतात. जमिनीत चर खणावा तर वीतभर खाली कातळ.

काय करू?

तारमास्तर:
व्होल्टेजचा हिशोब बरोबर आहे. पीओईच करा. केबल शुद्ध तांब्याची घ्या, स्वस्त बॉक्समध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम खपवतात. लांब अंतरावर पीओईला ते चालत नाही.

पण खरा मुद्दा विजेचा आहे. बाबा प्लग काढतात ते उत्तमच. तरी गेटपासून आलेली तांब्याची वायर रेकॉर्डरला लागलेलीच राहते ना? झाडावर वीज पडली तरी एवढ्या लांब वायरीत झटका उतरतो आणि थेट माजघरात येतो. सर्ज प्रोटेक्टर लावा म्हणून सांगतील, पण तो अर्थिंगच्या जिवावर चालतो, आणि कातळावर अर्थिंग कसं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून मांगर आणि गेट या दोन ठिकाणी फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाका. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडणारा डबा), लांबच्या टोकाला कॅमेऱ्याला वीज देणारा छोटा पीओई स्विच. काचेतून वीज जात नाही. फक्त केबलवाल्यांच्या फायबरला आधाराची स्टीलची तार असते, ती घरात शिरण्याआधी बाहेरच कापा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

गेटचा कॅमेरा मात्र हवाच का? चोर गडगा ओलांडून येतो.

धागाकर्ता:
माणूस गडग्यावरून येईल हो, पण पेट्या डोक्यावर घेऊन कोण किती लांब जाणार? टेम्पो गेटसमोरच लागतो, दुसरीकडे गाडी येत नाही. मला त्याची नंबरप्लेट हवी आहे. मांगरात वीज आहे, गेटवर दिव्याची लाइन आहे. कन्व्हर्टर त्यावर चालेल?

तारमास्तर:
चालेल. त्या लाइनमधून येणारा धोका आजही आहेच, नवा वाढत नाही. नंबरप्लेटसाठी २.८ एमएमची लेन्स घेऊ नका, त्यात गेट आणि आभाळ दिसेल, प्लेट ठिपक्याएवढी. गाडी थांबते ती जागा नजरेत धरून ६ किंवा ८ एमएम घ्या. रात्री हेडलाइट समोरून आला तर चित्र पांढरं होतं, तेव्हा कॅमेरा तिरका बसवा.

परसातली मी:
वानरांसाठी आमचा उपाय: पाण्याचा काळा एचडीपीई पाइप गडग्याच्या आतल्या अंगाला चिऱ्यांच्या सांध्यात क्लॅम्पने घट्ट बसवायचा आणि वायर त्यातून न्यायची. लोंबत नाही म्हटल्यावर त्यांना रस राहत नाही. पाइपचं तोंड कॅमेऱ्याजवळ खाली वळवा आणि जोड डब्यात घ्या, नाहीतर श्रावण येईपर्यंत पिना हिरव्या पडतात. आणखी एक, कोळी. इन्फ्रारेडवर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळं भिंगापुढे आलं की रात्रभर नुसतं पांढरं. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवायला कुणाला तरी सांगून ठेवा.

हार्ड डिस्क कॅमेऱ्यांसाठीचीच घ्या. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने चालले तर दिवसाला ८६ जीबी लागतात. २ टीबीत तीन आठवडे निघतात.

धागाकर्ता:
पाइप गावात मिळतो, फायबर ठाण्याहून नेतो. रेकॉर्डर माजघरात नको वाटतंय, चोर आधी तोच उचलेल. माळ्यावर ठेवला तर मे महिन्यात कौलांखाली तापेल का? देवघराच्या भिंतीतलं जुनं कपाट आहे, पण आई तिथे पंख्याची घरघर चालवून घेईल असं वाटत नाही. कोणी बिनपंख्याचा एनव्हीआर (पीओई कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) वापरलाय का?