सणाला राजकारण निघालंच तर
बरेच जण म्हणतात की सणाला नातेवाईक जमले की राजकारणाचा विषयच काढायचा नाही. मला हे नाही पटत, कारण आपण नाही काढला तरी कोणीतरी काढतंच आणि मग गप्प बसलेला माणूस आतल्या आत धुमसत राहतो. खरा प्रॉब्लेम मतभेदाचा कमी आणि बघणाऱ्यांचा जास्त असतो, चार लोकांत काकांना तुमचं चुकतंय म्हटलं की ते मुद्दा सोडून इभ्रत सांभाळायला लागतात, तेच काका नंतर गॅलरीत एकटे भेटले की नीट ऐकून घेतात, कधी तर "हां, महागाईचं तुझं बरोबरे" असंही म्हणून जातात. व्हॉट्सॲपवरचं काही नाकासमोर धरलं तर लगेच खोटंय म्हणू नका, आधी दोन बाणांची खूण आहे का बघा, म्हणजे ते हातोहात फिरत आलंय, मग शांतपणे विचारा की मुळात कोणी लिहिलंय हे. पण कोणी घरातल्याच सुनेला नाहीतर जावयाला जातीवरून, धर्मावरून टोचत असेल तर एकट्यात वगैरे काही नाही, तिथल्या तिथे सगळ्यांसमोर थांबवायचं, मग बोलणारा कितीही मोठा असो.