मधाच्या ड्रमसाठी सिलिकॉन रबर हीटर कोणता घ्यावा आणि सेन्सर कुठे बसवावा?

नमस्कार. सातारा जिल्ह्यात आमचे मध गाळून भरण्याचे लहान युनिट आहे. थंडीत २०० लिटरच्या लोखंडी ड्रममधला मध गोठतो, आणि मोहरीच्या मधात ग्लुकोज जास्त असल्याने तो तर तळापर्यंत घट्ट होऊन बसतो. मध ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे आम्ही कटाक्षाने पाळतो, कारण जास्त तापलेल्या मधात एचएमएफ (साखर तापल्याने तयार होणारे रसायन) वाढते (अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे) आणि वासही उतरतो.

गेल्या हिवाळ्यात १० सेंटिमीटर रुंदीचा, १००० वॉटचा, स्प्रिंगने ड्रमभोवती आवळायचा सिलिकॉन रबर हीटरचा पट्टा घेतला. तो ड्रमच्या उठावदार वळीवर थोडा चढला होता आणि तिथे दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली होती. उष्णता पत्र्यात न गेल्यामुळे तेवढ्याच भागात लाल रबर तपकिरी पडून कडक झाले आणि त्याला चिरा गेल्या. तापमान मोजणारा सेन्सर ड्रमच्या दुसऱ्या बाजूला असल्याने हीटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला त्याचा पत्ताच लागला नाही. मध ओतताना त्यात एक काळपट धार दिसली. तो ड्रम आम्ही विकला नाही.

त्यानंतर मी हिशेब मांडला. ड्रमचा घेर साधारण १८० सेंटिमीटर, म्हणजे त्या पट्ट्यावर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.५५ वॉट पडत होते. तेच १००० वॉट २५ सेंटिमीटर रुंदीच्या हीटरवर पसरले, तर ०.२२ वॉट पडतील. २८० किलो मध १५ वरून ४० अंशांवर न्यायला जेमतेम पाच युनिट वीज पुरते, आणि त्यात स्फटिक विरघळायला लागणारी उष्णता व हवेत जाणारी उष्णता मिळवली तरी वॉट वाढवण्याची गरज मला दिसत नाही. मध उष्णता फार सावकाश वाहून नेतो, त्यामुळे जास्त वॉट दिले तर पत्र्यालगतचा मध करपेल आणि ड्रमच्या मध्यभागचा घट्ट गोळा तसाच राहील. म्हणून रुंद हीटर घेऊन दोन दिवस लागले तरी चालतील, असे माझे मत झाले आहे.

जाणकारांनी पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे. कंट्रोलरचा पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमान मोजणारा) सेन्सर हीटरखाली पत्र्याला चिकटवून ४५ अंशांवर ठेवावा आणि मधाच्या मध्यभागी दुसरा सेन्सर फक्त वाचनासाठी सोडावा, असा माझा विचार आहे; तो बरोबर आहे का? हीटरवरून ग्लासवूलचे (उष्णता अडवणाऱ्या काचतंतूंचे) आवरण गुंडाळले तर रबर स्वतःच जास्त तापण्याचा धोका असतो का, आणि त्यासाठी हीटरमध्येच वेगळा थर्मोस्टॅट बसवून घ्यावा का? जागा रोज पाण्याने धुतली जाते, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावणारच आहे, पण हीटरला अर्थिंगची जाळी असलेला प्रकार मागवावा की ड्रमला वेगळी अर्थिंग दिली तरी पुरते?