काका किती वाजता पडले, हे रजिस्ट्रीला कशाला हवंय?

मुलुंडचा_सेक्रेटरी:
रजिस्ट्री म्हटलं की मला फ्लॅटचीच आठवते, म्हणून जाणकारांना विचारतो. आमच्या चौथ्या मजल्यावरचे काका, वय ६१, तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी पार्किंगमध्ये फेऱ्या मारताना कोसळले. गर्दी जमली. कुणी पाणी आणलं, दोघं तळपाय चोळायला बसले, एकीने नाकाशी कांदा धरला. काका तोंड उघडून मोठमोठे आचके देत होते, त्यामुळे सगळ्यांना वाटलं श्वास चालू आहे. शेवटी बी विंगमधल्या कॉलेजच्या पोराने लोकांना बाजूला सारून छाती दाबायला घेतली. १०८ला फोन मी लावला होता, पण थांबायला कुणी तयार होईना, शेजाऱ्याच्या गाडीत घालून नेलं. काका गेले.

काल हॉस्पिटलमधल्या एका निवासी डॉक्टरबाईंचा फोन आला. हृदय अचानक बंद पडलेल्या रुग्णांची रजिस्ट्री, म्हणजे अशा सगळ्यांची एकत्र नोंद, करतायत, माझा नंबर काकांच्या मुलीने दिला. पडताना कुणी पाहिलं का, छाती दाबायला किती वाजता सुरुवात झाली, गाडीत दाबत होते का? मी म्हटलं, सव्वासहा-साडेसहा झाले असतील. त्या म्हणाल्या, नक्की वेळ मिळेल का? माणूस गेल्यावर मिनिटं मोजून काय मिळणार? की कुणाच्या तरी थीसिसची सोय?

कॅज्युअल्टीतली_सिस्टर:
दादा, थीसिसही होत असेल, होऊ दे. पेशंट आमच्या दारातून आत आला की पुढचं सगळं कागदावर असतं: पहिला ईसीजी काय होता, शॉक किती दिले, इंजेक्शन कधी. त्याआधीचं मात्र एका ओळीत आटपतं, 'घरी बेशुद्ध पडले, नातेवाइकांनी आणले'. खरा खेळ त्या ओळीत झालेला असतो. ना दाब, ना शॉक, असं एकेक मिनिट जातं तशी वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. परदेशात बऱ्याच नोंदी ॲम्ब्युलन्सवाल्यांकडून मिळतात. आपल्याकडे निम्मी जनता रिक्षा-टॅक्सीने येते, मग विचारणार कुणाला? तुम्हालाच.

पूर्वी तर प्रत्येक शहराचं मोजमाप वेगळं होतं, तुलनाच करता यायची नाही. १९९० साली नॉर्वेतल्या उटस्टाइनच्या जुन्या मठात डॉक्टर मंडळी जमली आणि काय काय नोंदवायचं ते ठरवलं. तुम्हाला विचारलेले प्रश्न थोड्याफार फरकाने तेच आहेत. डेन्मार्कची रजिस्ट्री २००१ पासूनची. तेव्हा तिथे १०० पैकी २१ जणांना आसपासच्या माणसाने छातीवर दाब दिला होता, २०१० मध्ये ४५ जणांना. महिनाभरानंतर जिवंत असलेले साडेतीन टक्क्यांवरून जवळपास ११ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात त्यांनी शाळेत आणि ड्रायव्हिंग लायसन्ससाठी हे शिक्षण सक्तीचं केलं होतं. सगळं श्रेय त्यालाच, असं तेही म्हणत नाहीत, पण नोंदीच नसत्या तर वाद घालायलाही काही नसतं.

आणि ते आचके म्हणजे श्वास नव्हे. हृदय थांबल्यावरही काही वेळ तसं होतं. म्हणूनच काही देशांत ॲम्ब्युलन्ससाठीचा फोन घेणारा माणूस 'श्वास चालू आहे का' एवढंच न विचारता 'नेहमीसारखा चालू आहे का' असं विचारतो. नाही म्हटलं की दाबायला लावतो, मिनिटाला १०० ते १२०.

भांडुपकर_७२:
सिस्टर, सगळं ठीक. पण आमच्या मोबाइलवर लोनवाले रोज फोन करतात, तो डेटा कुणी दिला? उद्या विमेवाल्यांच्या हातात ही यादी गेली तर? सेक्रेटरीसाहेब, काही सांगू नका.

निवृत्त_रेकॉर्ड_क्लार्क:
भांडुपकर, शंका रास्त आहे. नावं काढून नंबर घालतात की नाही, हे डॉक्टरबाईंना सरळ विचारा आणि लेखी मागा. बाकी तीस वर्षं मृत्यूचे कागद हाताळले म्हणून सांगतो, त्यावरून काही कळेल या भ्रमात राहू नका. फॉर्म ४ वर, म्हणजे डॉक्टर भरतात त्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, छापलेलं असतं की मृत्यूचं कारण लिहा, मरण्याची तऱ्हा नको. तरी खाली अक्षर तेच, 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट'. अहो, हृदय नि श्वास थांबल्याशिवाय कोण मरतं?

मुलुंडचा_सेक्रेटरी:
काल रात्री ऑफिसात बसून सीसीटीव्ही पाहिला. काका पडताना स्क्रीनवर ६:१९. मी फोन कानाला लावला तेव्हा ६:२५, पण मोबाइलमध्ये १०८चा कॉल ६:२१चा! म्हणजे आमचा कॅमेरा चार मिनिटं पुढे आहे, आणि दर वर्षी मेंटेनन्सचे पैसे मीच सही करून देतो. तो हिशेब वजा केला तर काका ६:१५ला पडले, पोराने दाबायला घेतलं ६:२४ला. मला शपथेवर विचारलं असतं तर मी दोन-तीन मिनिटं सांगितली असती. नावाचं विचारलं, लेखी उत्तर आलं, नंबरच घालतात. वेळा पाठवल्या. पण काकांची मुलगी शनिवारी भेटायला येतेय. तिला नऊ मिनिटं सांगायची का?

कॅज्युअल्टीतली_सिस्टर:
तिने विचारलं तर खरं सांगा, आपणहून नको. त्या पोराशीही जरा बोला, तो स्वतःलाच दोष देत बसला असेल. आणि रेकॉर्डिंग आजच पेनड्राइव्हवर घ्या, बऱ्याच मशिनांत महिन्याभरात जुन्यावर नवीन चढतं.