फुलपाखराकडे जाणारा हात लू एअर्सचा नव्हे!

गॅलरीवाला
'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९३०) या युद्धपटावरच्या कालच्या लेखात म्हणे शेवटच्या दृश्यात, जिथे सैनिक पॉलचा हात फुलपाखराकडे जातो आणि तो मरतो, पॉलचं काम करणाऱ्या लू एअर्सनं "नुसत्या बोटांनी अभिनय केला", आणि हे दृश्य म्हणजे रेमार्कच्या मूळ कादंबरीशी राखलेलं इमान. डोकंच फिरलं. अहो, तो हात दिग्दर्शक लुइस माइलस्टोनचा आहे! शूटिंग आटोपून एअर्स मोकळा झाला होता. शेवट मनासारखा जमेना, तेव्हा कॅमेरामन कार्ल फ्रॉइंडनं फुलपाखरू सुचवलं आणि माइलस्टोननं स्वतःचाच हात पुढे केला. कादंबरीत पॉलचं मरण दोन छोट्या परिच्छेदांत उरकलंय, तिथे फुलपाखरू औषधालाही नाही. लिहिण्याआधी पुस्तक उघडायला काय होतं?

शेवंता
उघडलंत तर पूर्ण वाचा. रजेवर घरी आलेल्या पॉलला आपली फुलपाखरांची पेटी दिसते. खंदकासमोरही फुलपाखरं येतात, कवटीच्या दातांवर बसतात. मग इमान नाही कसं? हात कुणाचा का असेना, घशात आवंढा येतो ना?

गॅलरीवाला
पेटी आहे. वाजवा टाळ्या. पण त्यानं तो हात एअर्सचा होत नाही.

खडूस_काका
हातावरून काय भांडता! खरा अन्याय झासू पिट्सवर झाला. पॉलची आई आधी तिनं केली होती. विनोदी नटी म्हणून ओळख, त्यामुळे प्रीव्ह्यूला ती दिसताच लोक हसले. झालं, तिची दृश्यं बेरिल मर्सरला घेऊन पुन्हा केली. मूक आवृत्तीत मात्र आई पिट्सच आहे. 'ग्रीड' (१९२४) मधलं तिचं काम पाहिलंय का कुणी?

बोक्या
आई अंथरुणाला खिळलेली आणि थिएटर खिदळतंय. दहा लाखांवर डॉलर ओतलेल्या निर्मात्यानं काय करायचं, आरती ओवाळायची?

खडूस_काका
हीच भाषा! सोसायटीच्या गणेशोत्सवात एका वर्षी दारुडा केला. पुढच्या वर्षी बापाचं काम मागितलं तर म्हणे, "तुम्ही नुसते आलात तरी लोक हसतील." शेवटपर्यंत दिलं नाही. बाप केला तो सेक्रेटरीच्या मेव्हण्यानं, त्याला धड पाठांतर नाही.

शेवंता
काका, दारुडा फारच चांगला वठला असणार, त्याला कोण काय करणार! :)

खडूस_काका
हसा. पिट्सलाही असेच हसले.

रातकिडा
डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला नाझी नेता गोबेल्सच्या माणसांनी याच सिनेमाच्या खेळात पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या. आठवड्याच्या आत बंदी. त्यावर चकार शब्द नाही आणि इथे मेव्हण्याचं पाठांतर चाललंय.

गॅलरीवाला
काका, नाटकाचा वेगळा धागा काढा ना.

खडूस_काका
काढतो. आधी या बोक्याला 'ग्रीड' बघून यायला सांगा.

बोक्या
'ग्रीड' बघतो. दारुड्याची सीडी मात्र पाठवू नका.