गल्लीबोळ, कॅमेरा आणि हातचं काम : तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठची : सांगली-मिरजेत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यांनो, या. मोबाइलही चालेल. फोटो काढता काढता एखादी जुनी कारागिरी नव्या रूपात दिसली का? ती बघून स्वतः काही करावंसं वाटलं का? आयर्विन पुलावरचा सूर्यास्त सगळ्यांकडे आहे, तो कृपया नको.

सुरुवात मीच करते. मिरजेत सतारमेकर गल्लीत गेले होते ते जुन्या लाकडी दारांसाठी. दारं राहिली बाजूला. एका दुकानात काका तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे घोडी घासून सूर खुलवत, बसले होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, परत कानस. तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि इतका वेळ मुका असलेला सूर एकदम उलगडला. तो काही फोटोत येत नाही! फोटोत आली ती त्यांची नखं, पांढऱ्या भुकटीनं भरलेली. आणि भोपळ्यावरची पानाफुलांची वेल. ती वेल मी घरी कागदावर उतरवली, ठसा करून घेतला आणि आता ओढण्यांवर छापते.

तरफदार : आमच्या घरी हेच काम, म्हणून थोडं सांगतो. मिरजेतले पहिले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात हत्यारांचं काम आटलं आणि हात वाद्यांकडं वळला. तेव्हा 'नवं रूप' आमच्याकडं दीडशे वर्षांपूर्वीच आलं म्हणायचं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. कडू असतात, भाजीला चालत नाहीत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, त्यानंतर कॅमेरेवाले वाढलेत. या खुशाल, पण जवारी चालू असताना बोलू नका. हल्ली भोपळ्याशिवायचा चपटा तंबोराही बनतो, प्रवासात न्यायला सोपा. जुने लोक नाक मुरडतात. मला विचाराल तर गाणाऱ्याला सूर मिळाला की झालं.

गावभागकर : मी दुकानांच्या जुन्या, हातानं रंगवलेल्या पाट्या टिपतो. कॅमेरा वर केला की पहिला प्रश्न, "अतिक्रमणवाले का?" नाही म्हटलं की चहा येतो.

माणदेशी : माझं घोंगड्याचं. पुण्यात एका प्रदर्शनात घोंगड्याची लॅपटॉप-पिशवी बघितली. किंमत ऐकून आधी हसू आलं, मग वाटलं, हे तर आपल्याकडचं! सुट्टीत आटपाडीच्या बाजारात फोटो काढत बसलो. काळ्या लोकरीचा फोटो काढणं महाकठीण. उन्हात नुसता काळा ठिपका येतो, सावलीत तिरक्या उजेडात धरलं तरच धागा न् धागा दिसतो. ते फोटो बघून बहिणीनं आजीच्या विरलेल्या घोंगड्यातून आसनं शिवली. आजी म्हणाली, "बसायचं तर आख्खं का न्हाई ठिवलं?"

सणगर गल्ली : खरं घोंगडं चिंचोक्याची खळ लावलेलं, कडक. पाऊस वरच्यावर निथळून जातो तो त्यामुळंच. पिशवीवाल्यांचं मऊ असतं. त्याला घोंगडं म्हणू नये, एवढंच.

माणदेशी : दादा, खळ लावलेली पिशवी खांद्याला टोचंल की! विणणाऱ्याला काम मिळतंय ना?

सणगर गल्ली : मिळतंय, नाही म्हणत नाही. पण त्या पिशवीच्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव मोठं असतं आणि विणणाऱ्याचं नसतंच. फोटो काढणाऱ्यांनी तेवढं तरी करावं, फोटोखाली त्याला विचारून त्याचं नाव टाकावं.

कृष्णाकाठची : पटलं. ओढणीच्या चिठ्ठीवरही काकांना विचारून त्यांचं नाव घालीन. एक प्रश्न, तंबोऱ्याला घोंगड्याची गवसणी, म्हणजे खोळ, शिवली तर चालेल का?

तरफदार : चालेल. आतून मांजरपाटाचं अस्तर द्या, लोकर पॉलिशला घासते. आणि खुंट्यांकडं चार बोटं ढिली ठेवा.

माणदेशी : खळ लावायची का मग?

सणगर गल्ली : गवसणीला नको.