शीर्षकाची अक्षरं कडेकडेनं पळवायची की लिहायची?

बोरू_रंकाळा (धागाकर्ता)

नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरातल्या मंडळांच्या आणि दुकानांच्या व्हिडिओंत एकच चाल दिसते. नाव टाइप करायचं, आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट' दाबून अक्षरांचे आकार करायचे, फिल म्हणजे आतला रंग काढायचा, ट्रिम पाथ्स (रेघेचा किती टक्के भाग दिसावा हे ठरवणारी सोय) लावून 'एंड' ० वरून १०० वर न्यायचा. अक्षराच्या कडेनं रेघ पळते आणि नाव उमटतं. देवनागरीसाठी ही पद्धत चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉन्टमधलं अक्षर म्हणजे बंद आकार. रेघ सुटते ती पाथचा, म्हणजे त्या कडेचा, पहिला बिंदू जिथं पडला असेल तिथून. हात तिथून कधीच सुरुवात करत नाही. शिवाय बहुतेक फॉन्टांत प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येतं. नुसती कड दाखवली की सांध्यासांध्यावर उभ्या चिरा दिसतात. सगळे आकार एकत्र जोडणारं मर्ज पाथ्स लावलं तर चिरा जातात, पण अख्खा शब्द एकजीव होतो आणि अक्षरामागून अक्षर येण्याचा क्रमच संपतो.

त्यापेक्षा पेन टूलनं अक्षराच्या मधून, हात जातो त्या वाटेनं रेघ काढा. तिला अक्षर झाकेल एवढा जाड स्ट्रोक (रेघेची जाडी) द्या, ट्रिम पाथ्स लावा आणि तो थर मूळ अक्षराला अल्फा मॅट म्हणून जोडा, म्हणजे रेघ जिथं पोचली तेवढंच अक्षर दिसतं. बोरूची जाड-बारीक धार जशीच्या तशी राहते. 'कोल्हापूर'मधल्या क चं डावं पोट, दांडा आणि उजवा आकडा मात्र वेगळे कापून प्रत्येकाला स्वतःची मॅट द्या, नाहीतर पोटाचा जाड स्ट्रोक दांड्याचा तुकडा आधीच उघडा पाडतो. शिरोरेषा सगळ्यात शेवटी.

राजारामपुरी_कट

भावा, हे सगळं करायला वेळ कुठाय? गिऱ्हाईक संध्याकाळी नाव पाठवतंय आणि रात्री व्हिडिओ मागतंय. पाच सेकंदांचं टायटल, तेही मोबाईलवर. क चा दांडा आधी आला का पोट, हे कोण बघायलंय?

आणि कड पळवणं सगळीकडं चूक कसं? गुजरीतल्या सराफाच्या जाहिरातीत साजाच्या पानड्यांवरून सोनेरी रेघ फिरवली की तारकाम केल्यागत दिसतं. तिथं मॅट लावून काय करणार?

बोरू_रंकाळा

दागिन्याबद्दल वाद नाही. त्याला कडच असते, लिहिण्याचा क्रम नसतो. मी अक्षरांबद्दल बोलतोय.

'कोण बघतंय' हे मात्र मला अजिबात पटत नाही. वाचता येणारा प्रत्येक माणूस बघतो, कारण प्रत्येकानं ती अक्षरं हातानं गिरवलेली आहेत. नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता येणार नाही, पण खटकतंच. वेगाचंही तेच. १९८३ मध्ये लाक्वानिती, तेर्झुओलो आणि विवियानी या संशोधकांनी लिहिणाऱ्या-रेखाटणाऱ्या हाताचा वेग आणि रेषेचं वळण यांतलं नातं मांडलं. ढोबळमानानं, वळणाची त्रिज्या आठपट लहान झाली की वेग निम्म्यावर येतो. सरळ दांडा झपकन उतरतो, उकाराच्या गाठीत हात रेंगाळतो. सुरुवातीला आणि शेवटी एकेक लिनियर कीफ्रेम (ठरावीक क्षणाची नोंद) टाकला की ट्रिम पाथ्स सगळीकडं एकाच वेगानं धावतो. 'पू'च्या दीर्घ उकाराच्या वळणावर एक जादा कीफ्रेम टाका आणि ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे वेगाच्या आलेखात, वेग तिथं खाली ओढा. एवढ्यानंसुद्धा अक्षरात जीव येतो.

बोर्डवाल्याचा_नातू

धागाकर्ते, तुम्ही एकाच हाताचं बोलताय. आमचे आजोबा दुकानांचे बोर्ड रंगवायचे. खडू लावलेला दोरा ताणून आधी वरची-खालची रेघ मारायची, मग खडूनं अक्षराची कड, मग रंग घेऊन पोट भरायचं, सावली शेवटी. म्हणजे आधी कडच! अन् शिरोरेषेची जागा सगळ्यात पहिली ठरायची. पेंटर पद्धतीचं जाड अक्षर बोरूसारखं लिहून दाखवलं तर तेच खोटं दिसंल.

बोरू_रंकाळा

हा मुद्दा फार मोलाचा आहे, आणि तो फुकट पळणाऱ्या कडेच्या विरोधातच जातो. बोर्डाचं अक्षर असेल तर तसंच करा: आधी दोऱ्याच्या दोन रेघा, मग कड. पण ती कड कोपऱ्याकोपऱ्यावर तोडा, कारण हात तिथं उचलला जातो. पाथ बंदच ठेवायचा असेल तर निदान 'सेट फर्स्ट व्हर्टेक्स' वापरून सुरुवात वरच्या डाव्या कोपऱ्यात आणा.

कागद_पेन्सिल

तुम्ही दोघंही सॉफ्टवेअरच्या रेघेत अडकलाय. सेकंदाला बारा चित्रं हातानं काढा, रेषेचा थरकाप आपोआप येईल. २०२० पासून आफ्टर इफेक्ट्समध्ये शेप लेयरच्या (आकारांच्या थराच्या) स्ट्रोकला टेपर मिळालं, टोकं निमुळती होतात, पण ती सगळीकडं एकसारखीच. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करणारे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. त्या गावात आपण रेघ यंत्राकडून काढून घ्यायची?

राजारामपुरी_कट

त्याच बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा स्वतः तयार केला, हे पण सांगा की. यंत्राला नावं ठेवत बसले असते तर कंपनी उभी राहिली नसती. पाच सेकंदांना साठ चित्रं, आणि शेवटच्या क्षणी गिऱ्हाईक नावातली वेलांटी बदलतंय. परत साठ काढणार?

बोर्डवाल्याचा_नातू

वेलांटी बदलली तर मॅटवाल्यालाबी परत कापायलाच लागणार. त्यात धागाकर्त्यांचीबी सुटका नाही.

बोरू_रंकाळा

एका अक्षराचं काम परत करावं लागेल, अख्ख्या शब्दाचं नाही. आणि क, र, प यांच्या मधल्या रेघा एकदा काढून जपून ठेवल्या की त्याच वळणाच्या पुढच्या नावाला वापरता येतात.

राजारामपुरी_कट

प्रत्येक गिऱ्हाईकाचा फॉन्ट वेगळा असतोय, त्या रेघा बसत नाहीत. ज्याला लिहिलेलं पाहिजे त्याला मी वेगळा दर सांगतो, आणि तो देणारा असेल तर मनापासून करतो. रात्रीत पाहिजे असेल त्याला कडच मिळणार. मर्ज पाथ्स लावून चिरा तेवढ्या काढतो.